वाडा उतरवण्याआधी: फोटो रोलवर काढावेत की डिजिटलवर?

वाईहून आलेलं पत्र थोडक्यात असं: ‘आमचा जुना वाडा दिवाळीनंतर उतरवणार आहेत. त्याआधी कृष्णधवल फोटो काढून त्यांतले १२ फोटो १२ × १८ इंचांत छापायचे आणि सगळ्या भावंडांना एकेक द्यायचा, असं ठरवलं आहे. वडिलांचा पेंटॅक्स के १००० हा रोलचा कॅमेरा घरात आहे, त्याला ५० मिमीची लेन्स आहे. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा डिजिटल कॅमेरा आहे. मित्र म्हणतो, फिल्मची सर डिजिटलला येत नाही. मग रोलवरच काढू का? न्हाणीघरात डार्करूम होईल का? मागे लॅबमधून कृष्णधवल प्रिंट काढले, ते हिरवट आले, ते का? आणि वडिलांच्या निगेटिव्हच्या पत्र्याच्या डब्याला आंबूस वास येतोय, काहींवर पांढरी जाळी दिसते. त्या धुऊन घेऊ का?’

नमस्कार,

आधी डब्याचं बोलू, कारण ते काम थांबू शकत नाही. निगेटिव्ह धुऊ नका. ओल्या फडक्याने पुसूही नका. निगेटिव्हवरचं चित्र जिलेटिनच्या थरात असतं आणि बुरशी तेच जिलेटिन खाते. बुरशीने पोखरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, त्यामुळे पाणी लागलं की जाळीबरोबर माणसाचा चेहराही निघून येईल.

कोरडा दिवस बघून, तोंडाला मास्क लावून डबा घराबाहेर उघडा आणि तीन ढीग करा: आंबूस वास येणाऱ्या, जाळी धरलेल्या आणि धड असलेल्या. आंबूस वास हा व्हिनेगरचा वास आहे. फिल्मची पट्टी ज्या ॲसिटेटची असते ते विघटित होऊन ॲसिटिक ॲसिड सुटतं, त्या आम्लामुळे विघटन आणखी वाढतं आणि वाफ शेजारच्या निगेटिव्हनाही लागते. बंद पत्र्याच्या डब्यात ही वाफ कोंडून राहिली आहे. म्हणून या निगेटिव्ह वेगळ्या काढून कागदी पाकिटांत ठेवा; यांच्यासाठी प्लास्टिक नको. स्कॅनही आधी यांचंच करा. पट्टी आकसली की जिलेटिनला सुरकुत्या पडतात, मग घरच्या घरी काही करता येत नाही.

जाळीवाल्या निगेटिव्ह दोन-तीन दिवस हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवून कोरड्या करा. सुकलेली बुरशी मऊ ब्रशने बाहेर उघड्यावर हलकेच झाडली तर बरीच निघते. चकचकीत बाजू, म्हणजे फिल्मची पाठ, ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते. आधी एखाद्या निकामी फ्रेमवर करून बघा. औषधाच्या दुकानातलं नेहमीचं ७० टक्क्यांचं स्पिरिट चालणार नाही, उरलेलं त्यात पाणी असतं. मंद, म्हणजे चित्राच्या बाजूला जे डाग खोलवर गेलेत ते तसेच राहू द्या. ते स्कॅनवर दुरुस्त करता येतील, निगेटिव्हवर नाही.

आता वाडा. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे दिवाळीनंतर तो तिथे नसेल. पुन्हा जाऊन काढता येणार नाहीत असे फोटो जागच्या जागी तपासता यायलाच हवेत. म्हणून वाड्याची संपूर्ण नोंद डिजिटलवर करा आणि रोल त्याच्या जोडीला वापरा. पडून राहिलेल्या कॅमेऱ्याचा शटर चिकट असेल, फोम गळून प्रकाश शिरत असेल, तर ते रोल धुतल्यावरच, म्हणजे रसायनांतून काढून चित्र उमटवल्यावरच कळतं, आणि तोवर वाड्याची कौलंही उतरलेली असतील.

तुमच्या मित्राचं म्हणणं खोटं नाही, पण त्याने तुलना चुकीच्या जागी केली आहे. आज बहुतेक लॅबमध्ये रोल दिला की तो धुतला जातो, स्कॅन होतो आणि प्रिंट त्या स्कॅनवरून निघतो. म्हणजे रोलवरचा फोटोही छापताना डिजिटलच झालेला असतो. उलट, तुम्ही पेनड्राइव्हवर नेलेली फाइल ज्या मोठ्या मशीनवर छापली जाते, त्यांतली बरीच मशीन लेझरने प्रकाशसंवेदी चांदीच्या कागदावर चित्र पाडतात आणि तो कागद रसायनांतून काढतात. कॅमेऱ्यात काय घातलं होतं यापेक्षा प्रिंट कशावर आणि कसा निघणार, याने अंतिम चित्रात जास्त फरक पडतो. म्हणून आधी प्रिंट ठरवा आणि तिथून मागे येत कॅमेरा निवडा.

३५ मिमी निगेटिव्हची चौकट २४ × ३६ मिमीची असते. ती १८ इंचांपर्यंत न्यायची म्हणजे जवळपास १३ पट मोठी करायची. ४०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे उजेडाला किती संवेदनशील, त्याचा आकडा) फिल्मवर एवढ्या मोठेपणाला दाणा, म्हणजे चित्राचा रवाळपणा, स्पष्ट दिसतो. काही चित्रांना तो शोभतो, पण कडीपाटाच्या छतातला प्रत्येक पाट आणि तुळईवरचं कोरीव काम त्यात मऊ पडतं. तुमच्या डिजिटल फाइलमध्ये ६००० × ४००० पिक्सेल आहेत. १२ × १८ इंचांना ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ५४०० × ३६०० लागतात, म्हणजे फाइल पुरून थोडी उरते. भिंतीवरचे १२ मोठे प्रिंट डिजिटलवरून, आणि फिल्मवरून ८ × १० इंचांच्या कागदावर हाताने काढलेले मोजके प्रिंट: माझं उत्तर हे आहे.

डिजिटलवर काढताना ट्रायपॉड, आयएसओ १००, लेन्सचं छिद्र एफ/८, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल आणि २ सेकंदांचा टायमर. चौकात ऊन आणि ओसरीत काळोख असेल तर एका एक्स्पोजरमध्ये दोन्ही मावत नाहीत. तेव्हा कॅमेरा न हलवता तीन फोटो घ्या: मधला, दोन स्टॉप कमी आणि दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). हिस्टोग्रामची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाची, उजवी कड आपटू देऊ नका, कारण डिजिटलमध्ये जळून पांढरं झालेलं परत मिळत नाही. काळोखातलं मात्र रॉमधून बरंच वर काढता येतं. खांब सरळ यायला हवे असतील तर कॅमेरा वर झुकवू नका. तो लेव्हलमध्ये ठेवून मागे सरका आणि खालची जादा जमीन नंतर कापा. कॅमेऱ्यात कृष्णधवल सेटिंग लावलं तरी रॉमध्ये रंग शिल्लक राहतात. ते राहू द्यावेत, कारण शेंदूर, सागवान आणि चुन्याची भिंत यांतला फरक नंतर करड्या छटांत हवा तसा मांडता येतो. प्रत्येक खोलीचा एक फोटो भिंतीला मोजपट्टी लावून घ्या. तो कुणी फ्रेम करणार नाही, पण दाराची उंची किती होती हे पुढे कुणी विचारलं तर सांगता येईल.

फिल्मसाठी विषय वेगळे निवडा. ५० मिमीच्या लेन्समध्ये माजघर मावणार नाही, भिंतीला पाठ लावली तरी नाही. पण देवळी, कडीकोयंडा, खांबाची तळखडी, उंबरा, जिन्याच्या झिजलेल्या पायऱ्या यांसाठी ती लेन्स उत्तम आहे. एकाच जागेचा काटेकोर फोटो फिल्मवर आणि डिजिटलवर दोन्हीकडे काढत बसू नका, त्यात दिवस जातो.

के १००० हा १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत राहिलेला पूर्ण यांत्रिक कॅमेरा आहे. त्याला एक एलआर ४४ सेल लागतो आणि तोही फक्त मीटरसाठी. सेल संपला तरी शटर चालतो. मीटरला बंद करायचं बटण नाही, म्हणून लेन्सची टोपी लावून ठेवा, नाहीतर सेल उतरतो. रोल घालण्यापूर्वी मागचं झाकण उघडून उजेडाकडे धरा आणि प्रत्येक वेगावर शटर मारा. १ सेकंद, १/२, १/४ हे वेग अडखळत असतील तर दहा-वीस वेळा मारून बघा; तरीही अडखळले तर ते वेग वापरू नका किंवा कारागिराकडे द्या. १/१००० ला चौकटीची एक बाजू काळी दिसली तर शटरचे पडदे एकसारखे धावत नाहीत, अशा वेळी तो वेगही सोडून द्या. झाकणाच्या खाचेतला आणि आरशावरचा काळा फोम बोटाला चिकटत असेल तर बदलून घ्या. लेन्समधून टॉर्च मारून बुरशी बघा. काठावर एखादा धागा असेल तर चालेल. मधोमध जाळं असेल तर सगळं धुरकट येईल.

रोल घातल्यावर एक गोष्ट विसरू नका. उलट गुंडाळायची डावीकडची घुंडी हलकी फिरवून सैलपणा काढा, मग लिव्हर ओढा. लिव्हर ओढताना ती घुंडी फिरली तरच फिल्म पुढे सरकते आहे. घुंडी स्थिर राहिली तर फिल्म दात्यांवरून सुटली आहे, आणि ३६ फोटो काढूनही रोल कोराच निघेल.

पहिला रोल वाड्यावर घालवू नका, घराच्या गच्चीवर तपासणीसाठी काढा. फिल्म म्हणून इलफर्डची एचपी ५ प्लस घ्या. सध्या सिनेमाची फिल्म छोट्या डबीत भरून स्वस्तात मिळते, पण तिच्या पाठीला काजळीचा रेमजेट थर असेल तर नेहमीच्या लॅबच्या मशीनमध्ये तो सुटून रसायनं खराब करतो. सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका. परदेशातल्या नातेवाइकांकडून रोल मागवलात तर विमानतळावर ते हातसामानात ठेवून हाताने तपासायला सांगा. नव्या सीटी स्कॅनरमुळे फिल्मवर धुकं चढतं.

फिल्मवर मोजमाप डिजिटलच्या नेमकं उलट करायचं. डिजिटलमध्ये उजेड सांभाळतो, निगेटिव्हमध्ये काळोख. निगेटिव्हवर सावलीत काही नोंदलंच गेलं नाही तर तिथे कोरी फिल्म राहते आणि कुठल्याही प्रिंटमध्ये तिथून काही निघत नाही. उजेडाच्या बाजूला मात्र फिल्म खूप सहन करते. के १००० चा मीटर समोरच्या सगळ्या दृश्याची सरासरी काढतो, म्हणून चौकटीत खिडकी आली की तो फसतो आणि खांब काळाठिक्कर येतो. फिल्मचा आकडा ४०० ऐवजी २०० वर ठेवा. ज्या काळोख्या लाकडात रेषा दिसायला हव्यात त्याच्याजवळ जा, फक्त तेवढंच चौकटीत घेऊन सुई मध्यावर आणा आणि तिथून दोन स्टॉप कमी करा. समजा एफ/५.६ ला १/८ आलं, तर फोटो १/३० ला काढायचा.

१/१५ ते १/४ या वेगांत आरशाच्या धक्क्याने चित्र सगळ्यात जास्त हलतं. छिद्र लहान करून सरळ १ सेकंदावर जाणं जास्त सुरक्षित, अर्थात ट्रायपॉड आणि केबल रिलीज (शटर दाबायची तार) लावून, कारण या कॅमेऱ्याला टायमर नाही. एक सेकंदापलीकडे गेलात की फिल्मची संवेदनशीलता घसरते. एचपी ५ साठी मीटरने ५ सेकंद सांगितले तर ८ द्या, १० सांगितले तर २० द्या. माजघरात हे हमखास लागेल.

रोल शक्यतो स्वतः धुवा. न्हाणीघरात हे नक्की होतं, त्याला डार्करूमही लागत नाही; काळोख फक्त फिल्म धुण्याच्या डब्यात चढवण्यापुरता हवा आणि त्यासाठी चेंजिंग बॅग (हात घालायची उजेडबंद पिशवी) पुरते. बाहेर द्यायचाच असेल तर ‘कृष्णधवल हाताने धुता का’ असं स्पष्ट विचारून द्या. रंगीत रोलच्या सी-४१ रसायनात नेहमीची कृष्णधवल फिल्म गेली तर त्यातल्या ब्लीचने सगळी चांदी निघून जाते आणि हातात पारदर्शक पट्टी येते. सी-४१ मध्ये चालणारी कृष्णधवल फिल्मही मिळते, तिचं नाव एक्सपी २ सुपर. एचपी ५ तिथे चालत नाही.

डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, आयडी-११ घ्या. १ लिटरची पूड विरघळवून ठेवा आणि वापरताना तेवढंच पाणी मिसळा. ३५ मिमीच्या एका रोलला प्लास्टिकच्या डब्यात ३०० मिली पुरतं, म्हणजे १५० मिली डेव्हलपर आणि १५० मिली पाणी, आणि वापरून झालं की टाकून द्यायचं. एचपी ५ ला २० अंश सेल्सिअसला १३ मिनिटं लागतात. आपल्याकडे २० अंश टिकवणं हिवाळा सोडला तर त्रासाचं आहे. म्हणून २४ अंश धरा आणि साधारण ९ मिनिटं द्या. डेव्हलपर, स्टॉप (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण) आणि फिक्सर (चित्र पक्कं करणारा, म्हणजेच हायपो) अशा तिन्ही बाटल्या एका घमेल्यात पाण्यात उभ्या करा, त्यात बर्फाचे खडे टाकत २४ अंशांवर आणा आणि धुण्याचं पाणीही त्याच घमेल्यातलं घ्या. डेव्हलपर २४ अंशांवर आणि नळाचं पाणी ३० वर, असा झटका जिलेटिनला देऊ नये. न मिसळलेला, घट्ट डेव्हलपर उन्हाळ्यात वापरला तर वेळ पाच मिनिटांच्या आसपास येतो आणि इतक्या कमी वेळात धुणं एकसारखं होत नाही, डाग पडतात. पातळ करण्याचं कारण तेच.

पावसाळ्यात फिल्म चढवताना प्लास्टिकची रीळ हाडासारखी कोरडी हवी. तिला जरा दमटपणा असला किंवा बॅगेत हात घामेजले की फिल्म मध्येच अडकते. जोर केला की तिला चंद्रकोरीसारखी घडी पडते आणि तशीच कोर निगेटिव्हवर काळी उमटते. एक निकामी रोल घेऊन आधी उजेडात, मग डोळे मिटून सराव करा.

डेव्हलपर ओतल्यावर डबा पहिल्या १० सेकंदांत चार वेळा उलटासुलटा करा, बुडबुडे सुटायला ओट्यावर आपटा, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला तेच. सारखा हलवत राहिलात तर फिल्मच्या भोकांजवळून गडद पट्टे ओघळलेले दिसतात. नंतर स्टॉप अर्धा मिनिट. मग १ भागाला ४ भाग पाणी या प्रमाणातला रॅपिड फिक्सर ३ ते ५ मिनिटं. फिक्सर ताजा आहे का हे फिल्मचं कापलेलं टोक त्यात टाकून बघा. ते जितक्या वेळात पारदर्शक होतं त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्यायचा. टोकालाच फार वेळ लागू लागला तर फिक्सर संपला. धुण्यासाठी नळ सोडून ठेवायची गरज नाही: डबा भरून ५ वेळा उलटा, पाणी बदलून १० वेळा, पुन्हा बदलून २० वेळा. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या आणि त्यात वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता ओघळावं म्हणून) दोन-तीन थेंब टाका, नाहीतर बोअरच्या क्षारांचे पांढरे ठिपके पडतात. रोल न्हाणीघरात, खाली चिमट्याचं वजन लावून टांगा आणि पंखा लावू नका. पंख्याने उडालेली धूळ ओल्या जिलेटिनमध्ये कायमची बसते.

वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते. तो कृष्णेत, विहिरीजवळ किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. कॅनमध्ये साठवा, एक्स-रेचा हायपो नेणारे चांदी काढणारे लोक तोही नेतात.

रोल बिघडला तर आधी कडेचे आकडे बघा. फिल्म कोरी आणि कडेला फिल्मचं नाव-आकडेही नाहीत, तर दोष धुण्यात: डेव्हलपर मेलेला होता किंवा फिक्सर आधी पडला. आकडे स्पष्ट आहेत पण चित्र नाही, तर दोष कॅमेऱ्यात: फिल्म सरकली नाही किंवा शटर उघडला नाही. निगेटिव्ह दुधाळ दिसत असेल तर घाबरू नका, फिक्सिंग कमी झालंय. उजेडातच पुन्हा फिक्सरमध्ये घाला.

आता न्हाणीघरातली डार्करूम. ८ × १० साठी होईल, १२ × १८ साठी करू नका. एवढ्या मोठ्या कागदाचे चार ट्रे तिथे मावणार नाहीत, आणि डार्करूमच्या कागदात १२ × १८ हे माप नेहमीचं नाहीच. तिथे ८ × १०, ११ × १४, १२ × १६ चालतात. आत जाऊन दार लावा, दिवे मालवा आणि पाच मिनिटं थांबा. त्यानंतर हातातला पांढरा कागद दिसला तर उजेड शिरतोय; दाराच्या फटी आणि एक्झॉस्टचं भोक काळ्या कापडाने बंद करा, मात्र हवा खेळायला वळणाची वाट ठेवा. एन्लार्जर (निगेटिव्हचं चित्र कागदावर मोठं पाडणारं यंत्र) कोरड्या बाजूला, ट्रे ओल्या बाजूला, आणि ओल्या हाताने स्विचला हात नाही. बंद पडलेल्या स्टुडिओंचे एन्लार्जर अजून मिळतात; घेताना ५० मिमीची लेन्स आणि आतली कंडेन्सर भिंगं बुरशीसाठी टॉर्चने तपासा. व्होल्टेज वर-खाली होत असेल तर स्टॅबिलायझर लावाच, नाहीतर १२ सेकंदांचा एक प्रिंट काळा आणि १२ सेकंदांचाच दुसरा फिका येईल, आणि तुम्ही दोष कागदाला द्याल.

कागद मल्टिग्रेड, प्लास्टिकच्या अस्तराचा आरसी घ्या. त्याच्या बरोबरचा पेपर डेव्हलपर १ ला ९ पाणी. कुणी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचं ‘इंदू’ कागदाचं जुनं खोकं दिलं तर भावना समजते, पण त्यावर आता धुकं चढलेलं असणार. त्यावर कामाचे प्रिंट काढू नका. एन्लार्जरची लेन्स एफ/८, फिल्टर २ (आकडा वाढला की काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढतो). कागदाच्या पट्टीवर पुठ्ठा सरकवत ५, १०, १५, २०, २५ सेकंदांचे पट्टे पाडा. मग डेव्हलपरमध्ये पूर्ण १ मिनिट, स्टॉप १० सेकंद, फिक्सर अर्धा ते एक मिनिट, पाणी २ मिनिटं. काळा होतोय असं वाटून कागद डेव्हलपरमधून लवकर उचलला की प्रिंट चिखलासारखा मळकट येतो. नवशिक्यांचे निम्मे प्रिंट यातच जातात. वेळ ठरवताना पांढऱ्याकडे बघा, म्हणजे चुन्याच्या भिंतीत जरा पोत दिसतो का ते. तो दिसला की काळ्याकडे बघा. काळा करडा वाटला तर फिल्टर ३ लावा, काळ्या-पांढऱ्यातला फरक खूपच कडक वाटला तर १. या क्रमाने गेलात तर तीन-चार कागदांत प्रिंट हाती लागतो. तुमच्या मित्राला जे म्हणायचं आहे ते इथे दिसेल: चांदीचा काळा, कागदात बसलेला दाणा, आणि चुन्यावरचा उजेड जळून तुटण्याऐवजी हळूहळू पांढऱ्यात विरघळणारा.

हिरवट प्रिंटचं कारण साधं आहे. लॅबचा तो कागद रंगीत असतो. त्यावर करडा रंग तीन रंगद्रव्यं समतोल मिसळून तयार होतो, आणि मशीनचं संतुलन किंवा रसायन जरा सरकलं की करडा हिरवट नाहीतर जांभळट होतो. रंगीत फोटोत हे डोळ्यांना कळत नाही, कृष्णधवलमध्ये लगेच कळतं. तुमच्या १२ प्रिंटसाठी पुण्या-मुंबईतला असा छपाई स्टुडिओ शोधा जिथे पिगमेंट शाईचा, काळ्याबरोबर करड्या शायाही असलेला इंकजेट आहे. त्यांना तीन गोष्टी विचारा: शाई पिगमेंट की डाय, कागद सुती आणि आम्लरहित आहे का, आणि त्या कागदाचा आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर छटा कशा येतील ते सांगणारी फाइल) देता का. असा प्रिंटर १२ प्रिंटसाठी घरी विकत घेऊ नका. महिनाभर पडून राहिला की त्याच्या हेडमध्ये शाई सुकते, आणि साफसफाईलाच निम्मी शाई जाते.

घरातला स्क्रीन बहुधा गरजेपेक्षा दुप्पट उजळ ठेवलेला असतो, त्यामुळे तिथे छान दिसलेला फोटो छापून काळवंडलेला येतो. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी दिव्याखाली कोरा कागद धरा आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत स्क्रीन उतरवा. मग १२ मोठे प्रिंट एकदम देऊ नका. एका ८ × १० कागदावर एकाच फोटोच्या चार पट्ट्या, चार वेगवेगळ्या उजळपणाच्या, छापून घ्या. डार्करूमची पट्टी पद्धत इथेही तितकीच उपयोगी आहे. त्या दिवसाच्या उजेडात आणि घरातल्या एलईडीखाली, दोन्हीकडे बघा. साध्या लॅबमध्ये काही द्यायचंच झालं तर फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगप्रणालीत द्या आणि ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा, नाहीतर मशीन तुमची काळोखी ओसरी उजळून टाकेल.

प्रिंट फ्रेम करण्याआधी किमान २४ तास उघडे सुकू द्या. काच आणि प्रिंट यांच्यामध्ये आम्लरहित माउंट हवाच. काचेला थेट टेकलेला फोटो पावसाळ्यात तिला चिकटतो आणि सोडवताना चित्राचा थर काचेवर राहतो. जुन्या घरांतले कितीतरी फोटो असे गेले आहेत. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंतीची ओल थेट लागणार नाही.

राहिली साठवण. धड निगेटिव्ह पॉलिप्रॉपिलिनच्या किंवा कागदाच्या पाकिटांत, हवाबंद डब्यात, आर्द्रता ३५ ते ५० टक्क्यांमध्ये. आत छोटा आर्द्रतामापक ठेवा, कारण ६५ च्या वर बुरशी पुन्हा धरते. पीव्हीसीची पाकिटं नकोत. सिलिका जेलच्या नारिंगी दाण्यांचा रंग बदलून हिरवट झाला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून परत घाला. डिजिटल फाइल्सच्या तीन प्रती करा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे. फाइलच्या नावात खोली आणि तारीख लिहा. ‘माजघर, उत्तर भिंत’ एवढं लिहिलंत तरी चालेल; वाडा उतरल्यावर एका पांढऱ्या भिंतीवरून दुसरी ओळखता येत नाही.

गच्चीवरचा तपासणीचा रोल धुतला की त्यातल्या दोन-तीन निगेटिव्हचा मोबाइलने उजेडाच्या काचेवर फोटो काढून कडेच्या आकड्यांसकट पाठवा. शटर आणि धुणं दोन्ही त्यावरून सांगता येतील, आणि दिवाळीआधी दुसऱ्या रोलला वेळही उरेल.